देवाच्या दारी सोडलेले बूट

कराडला आमच्या घरी सकाळच्या पूजेआधी एक काम असते. त्याचा आरंभ कराडात झाला नाही. तो झाला हेलसिंकी नावाच्या समुद्रकाठच्या एका थंड राजधानीत, आम्ही दोघे ती नगरी पाहण्यासाठी प्रथमच घराबाहेर पडलो त्या दिवशी.

आमची लेक तिथे नोकरीला आहे. कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकली, परदेशी गेली आणि तिथेच स्थिरावली. ती अनेकदा बोलावीत होती आणि आम्ही टाळत होतो, कारण हिच्या पायाची जखम भरत नव्हती. हिचा साखरेचा आजार जुना. त्याने डोळे राखले, पण तळपायांची जाणीव नेली. उजव्या अंगठ्याखाली एक फोड आला. तो कशाने आला, कधी फुटला, हिला कळले नाही. पायमोजा ओला लागला तेव्हा कळले. ती जखम भरायला वर्षाहून अधिक काळ गेला, आणि मधल्या काळात पाय राहतो की जातो अशी वेळ दोनदा आली. मिरजेच्या डॉक्टरांनी तो राखला. प्रवासाला अनुमती देताना ते म्हणाले, "आजी, कुठंही जा. फक्त अनवाणी पाऊल टाकायचं नाही. घरात नाही, अंगणात नाही, न्हाणीत नाही. आणि रोज कुणीतरी तळवे बघायचे. तुम्हाला कळणार नाही, बघणाऱ्याला कळलं पाहिजे."

मिरजेतच हिच्या पायाचे माप देऊन मऊ तळाचे बूट करून घेतले. प्रश्न राहिला तो 'रोज कुणीतरी' या शब्दांचा.

ते मी करावे हे सरळ होते. पण ही मला पायाला हात लावू देत नसे. गुडघे चालत होते तोवर सणावाराला माझ्या पायांवर डोके ठेवत आलेली बाई. तिच्या पायाशी मी बसायचे म्हणजे तिला ब्रह्मांड उलटे झाल्यासारखे वाटे. "नवऱ्यानं बायकूच्या पायाला हात लावायचा? हे पाप मी कुटं फेडू?" असे म्हणून ती पाय लुगड्यात ओढून घेई. कराडात शेजारच्या निवृत्त परिचारिका रोज सकाळी येऊन तळवे पाहून जात. हेलसिंकीत ते काम लेकीने घेतले.

इथे आमच्या दोघांच्या बोलण्याविषयी सांगितले पाहिजे. ही आष्ट्याकडच्या शेतकरी घरातली, आणि मीही शेतकऱ्याचाच मुलगा. पण एका शिक्षकाने मला लहानपणी वाईच्या पाठशाळेत नेऊन घातले, पुढे जन्मभर मी शाळेत संस्कृत शिकवले, आणि माझी बोली पुस्तकी होऊन गेली. हिची झाली नाही. "तुमी पोथीतलं बोला, मी रानातलं बोलते," असा आमचा संसार.

तर त्या दिवसाची गोष्ट. एप्रिल महिना होता. आम्ही आदल्या संध्याकाळीच उतरलो होतो. सकाळी लेकीच्या घरी पूजेला बसलो आणि संकल्पाशीच अडखळलो. संकल्पात आपण कोणत्या द्वीपात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत याचा उच्चार करावा लागतो. साठ वर्षे जिभेवर बसलेले शब्द कृष्णाकाठचे. ते इथे उच्चारले तर असत्य ठरले असते, आणि खरे काय म्हणावे ते मला कोणी शिकवले नव्हते. त्या जागी क्षणभर गप्प राहिलो आणि पुढचे म्हटले. दिवस त्या गप्प राहण्याने सुरू झाला.

लेकीला कामावर जाणे भाग होते. तिने आम्हाला ट्रामचे तिकीट फोनवर घालून दिले, कुठे चढायचे नि कुठे उतरायचे ते दोनदा म्हणून घेतले, आणि हिचे तळवे पाहून बूट चढवून दिले.

"आई, बूट अजिबात काढायचे नाहीत," ती म्हणाली. "हिवाळ्यात बर्फावरनं माणसं घसरू नयेत म्हणून इथं रस्त्यांवर बारीक खडी टाकतात. बर्फ गेला, खडी अजून उचलली नाही. काचेसारखी असते ती."

"बरं बाई. तू काय मला पैल्यांदा रस्ता दावतीस?"

"बाबा, तुम्ही लक्ष ठेवा."

"ते काय ठेवत्यात," ही म्हणाली. "त्यांचं ध्यान आभाळात."

आभाळात ध्यान जावे असेच ते होते. निळे, स्वच्छ, आणि ऊन असे की दिसे पण लागत नसे. बंदरातल्या पाण्यावर बर्फाचे तुकडे साखरेच्या पाकावरच्या मळीसारखे तरंगत होते. माणसे कमी आणि निःशब्द. ट्राममध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हते, तेव्हा आम्हीही कुजबुजत बोललो. बाजारात मासळीच्या वासाने हिने नाकाला पदर लावला, पण टोपलीतली फुले पाहून थांबली आणि "ही थंडीत कशी फुलत्यात?" असे त्या फुलांनाच विचारल्यासारखे म्हणाली. पुढे एका लोखंडी कुंपणाच्या टोकावर लहान मुलाचा एकच लाल हातमोजा खोचून ठेवलेला दिसला.

"नवस असंल कुणाचा," ही म्हणाली.

"हातमोज्याचा?"

"आपल्यात न्हाई व्हय पाळणा बांधत? लेकराचं दुखणं बरं झालं असंल."

मला ते पटले, आणि आम्ही दोघांनी त्या हातमोज्याला हात जोडले.

असे चालता चालता एका चर्चशी आलो. मोठे, नावाजलेले नव्हते. चारी बाजूंनी मोकळे आवार, त्यात पाने नसलेली झाडे, आणि आवारभर ती खडी पसरलेली. दगडी पायऱ्या, वर लाकडी दार. दार उघडे होते. आतली फळ्यांची जमीन इतकी लखलखीत की तिच्यात खिडक्या दिसत होत्या. हिने पायऱ्यांवर उभे राहून आत पाहिले आणि खाली बसून बूट सोडायला लागली.

"अगं, काय करतेस?"

"देवाच्या दारात आलोय."

"पण इथे कोणाचे काढलेले दिसत नाहीत."

"कुणी आलंच नसंल आत. आवं, लेक काय म्हणाली काल? हितली माणसं सोताच्या घरात शिरताना पायातलं काढत्यात. मग देवाच्या घरात न्हाई व्हय काढणार?"

या तर्कात मला दोष दिसेना. तिथले लोक खरोखरच घरात पादत्राणे घालून वावरत नाहीत. काल लेकीच्या शेजाऱ्याच्या दाराआतही बुटांची रांग पाहिली होती आणि मनात म्हटले होते, बरे झाले, आपल्यासारखेच दिसतात. तरी मी म्हणालो, "डॉक्टरांनी काय सांगितले ते आठव."

"आठवतंय की. घर म्हटलं, अंगण म्हटलं, न्हाणी म्हटली. देऊळ म्हटलं न्हाई."

"आजाऱ्याला नियमांत सवलत असते. शास्त्रच तसे सांगते."

"शास्त्र तुमी शिकलाय. मी देवाला पायातलं काढूनच वळखते."

मीही माझे बूट काढले. वास्तविक हिच्याआधी मी काढायचे. हिने मोजे काढून घडी करून बुटात घातले, तसे मीही केले, कारण लोकरीच्या मोज्यांनी देवळात जात नाहीत. दोन्ही जोड पायरीच्या कडेला, टाचा भिंतीला लावून, नीट ठेवले. कराडला संगमावरच्या देवळात ठेवतो तसेच. तिथे फुलवालीची नजर असते. इथे कोणी नव्हते, पण ज्या देशात लोक रस्त्यावर सायकलीसुद्धा निर्धास्त सोडतात तिथे नजर कशाला हवी, असे वाटले.

आत गेल्यावर लक्षात आले की मागच्या बाकावर बसलेल्या एका गृहस्थाच्या पायांत बूट होते. तो लगेच उठून गेला. मग आत आम्ही दोघेच. जमीन थंड नव्हती, खालून ऊब येत होती. मूर्ती नव्हती, एक मोठे चित्र आणि दोन मेणबत्त्या. ही हात जोडून बराच वेळ बसली. काय मागितले ते मी विचारले नाही. तिचे मागणे मला ठाऊक आहे, ते लेकीचे असते. मी डोळे मिटले. ती शांतता चांगली होती, एवढे मी आजही म्हणेन.

बाहेर आलो तेव्हा पायरी रिकामी होती.

प्रथम वाटले, आपण दुसऱ्या दाराने आलो. मग पायरीवर चार ओले डाग दिसले, जिथे आमचे बूट होते तिथे. मी वर पाहिले, खाली पाहिले, भिंतीच्या कोपऱ्याआड पाहिले. आवारात कोणी नव्हते. लांबच्या रस्त्यावरून ट्राम गेली.

"गेले?" हिने विचारले.

"गेले."

ती म्हणाली, "चला, साडेसाती गेली म्हणायची." देवळाबाहेरून चप्पल गेली की पीडा जाते, असे आमच्याकडे म्हणतात. ती हसलीही. मला हसता येईना. माझ्या डोळ्यांपुढे ती खडी होती, पायरीपासून रस्त्यापर्यंत पसरलेली, उन्हात चमकणारी.

हिला पुन्हा आत नेऊन बाकावर बसवले आणि लेकीला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कामाच्या बैठकीत असताना ती फोन बंद ठेवते, हे तिने सकाळीच सांगितले होते. मी निरोप बोलून ठेवला आणि फोन हातात धरून बसलो, जणू धरून ठेवल्याने तो वाजणार होता. चर्चच्या प्रवेशाशीच, बाकांच्या पाठीमागे, बाजूला एक दार होते, ते ठोठावले, कुलूप होते. दुसरे काय करावे मला सुचेना. रस्त्यावर जाऊन दुकान शोधावे तर हिला एकटी सोडावी लागणार. हिला चालवावे तर त्या खडीवरून. मी जन्मभर मुलांना सांगत आलो की संकटात बुद्धी स्थिर ठेवावी. ती कशी ठेवतात हे त्या बाकावर मला आठवले नाही.

"कायतरी म्हणा की," ही म्हणाली. "एरवी तर सारखं पुटपुटता."

मी सुरुवात केली, पण दुसऱ्या चरणावर थांबलो. तोंडपाठ असलेले स्तोत्र हरवले. हिने माझ्याकडे पाहिले आणि मग स्वतःच मारुतीरायाचे नाव घ्यायला लागली, हळू, बोटांवर मोजल्याशिवाय.

थोड्या वेळाने एक वृद्ध बाई आत आली. आमच्याच वयाची असेल. करडा कोट, गळ्याला निळा गळपट्टा. तिने मेणबत्ती लावली, बसली, आणि उठून जाताना तिची दृष्टी आमच्या पायांवर गेली. ती थांबली. इंग्रजीत तिने विचारले, तुमचे बूट? मी बाहेर बोट दाखवले आणि शाळेत शिकलेल्या इंग्रजीने म्हणालो की बाहेर ठेवले होते, आता नाहीत. बाहेर का ठेवले होते, हे तिने विचारले नाही. बाहेर जाऊन पाहून आली, मान हलवली, त्या कुलूपबंद दाराची कडी तिनेही हलवून पाहिली. मग आमच्या शेजारी बसली. मी हिच्या उजव्या पायाकडे खूण करून सांगितले की आजार आहे, जाणीव नाही, जखम होता कामा नये. ती समजली. तिने फोन काढून टॅक्सी बोलावली.

पण गाड्या आत येऊ नयेत म्हणून आवाराच्या तोंडाशी साखळी होती. टॅक्सी रस्त्यावरच थांबणार. मधली खडी चुकणार नव्हती.

मी खांद्यावरचे उपरणे काढले. पूजेच्या वेळचे सुती उपरणे, तेच अंगावर घेऊन निघालो होतो. म्हणालो, "पाय पुढे कर. गुंडाळून देतो."

तिने पाय बाकाखाली ओढून घेतले. "तुमी न्हाई."

"अगं, ही वेळ आहे का?"

"मी गुंडाळते." ती वाकली. पण गुडघे आणि पोट यांमुळे बूट-मोजे ओढून काढण्यापुरताच तिचा हात पायांपर्यंत जातो, तळव्याखाली नाही. दोनदा प्रयत्न केला, धाप लागली, सरळ झाली. मी खाली बसायला गेलो तर तिने पाय आणखी आत घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "देवापुढं तरी नका मला पापात घालू."

मी हातात उपरणे घेऊन तसाच उभा राहिलो. ओढून पाय घेणे मला जमले नसते. बाहेर टॅक्सी आल्याचा आवाज झाला.

त्या वृद्ध बाईला आमचे शब्द कळले नव्हते. तिने माझ्या हातातून उपरणे घेतले, जमिनीवर गुडघे टेकले आणि हिचा उजवा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. हिने तो घेऊ दिला. एका परक्या बाईला. तिने घोट्यापर्यंत घट्ट घड्या मारून गाठ बांधली, मग गळ्यातला निळा गळपट्टा सोडून तो डाव्या पायाला गुंडाळला. उठताना तिला कष्ट पडले. तिला हात मी दिला. त्या वेळी माझ्याकडून झाले ते तेवढेच.

आम्ही तिघे आवार ओलांडायला निघालो, हिच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. मी अनवाणीच होतो. लेक म्हणाली होती ते खरे होते. प्रत्येक खडा मला लागत होता, टोचत होता, थंडीने पाय बधिर होण्याच्या आधी तर जीव घेत होता. आणि माझ्या हातात हात दिलेली ही सरळ, संथ चालत होती, शेताच्या बांधावरून चालावी तशी.

"दुखते का?" मी विचारले.

"न्हाई ओ. काय सुदिक न्हाई."

मी तिचा हात आणखी घट्ट धरला.

टॅक्सीत बसवल्यावर त्या बाईने दार लावले आणि हात वर केला. गळपट्टा परत कुठे द्यायचा ते विचारेपर्यंत गाडी निघाली होती.

घरी आलो. हिला पलंगावर बसवले. उपरण्याच्या तळाच्या घड्या ओल्या आणि मळकट झाल्या होत्या, आणि अंगठ्याखाली, जिथे वर्षभर औषध लागत होते त्याच जागी, रुपयाएवढा लाल डाग होता. हिला तो दिसत नव्हता. मला दिसत होता. लेकीचा अजून पत्ता नव्हता. ती करड्या कोटाची बाई इथे नव्हती, शेजारच्या परिचारिका कराडात होत्या.

मी जमिनीवर बसलो. म्हणालो, "रक्त आले आहे."

तिने पाय पलंगाकडे ओढून घेतला.

"आता इथे मी एकटाच आहे."

तिने पदर तोंडावर ओढून घेतला, पुरता, लग्नात होता तसा, आणि पदराआडून म्हणाली, "मी बगत न्हाई. तुमी काय करायचं ते करा." आणि पाय पुढे केला.

मी गाठ सोडली. इतक्या वर्षांच्या संसारात तो पाय मी प्रथम हातात घेत होतो. हलका होता. टाचेला रानातल्या जुन्या भेगा होत्या, बोटाच्या मागे जोडव्याचा वण. अंगठ्याखाली एक खडा कापडातून आत शिरून कातडीत रुतून बसला होता, तांदळाच्या दाण्याएवढा, तीन कोनांचा. तो मी नखाने काढला तेव्हा मी श्वास धरला होता. हिचा श्वास बदलला नाही. पदराआडून तिने विचारले, "झालं का?" तोपर्यंत मी कोमट पाण्याने तळवा धूत होतो.

लेक आली ती धावतच. निरोप ऐकून रडली, रागावली, आईला लगेच दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या परिचारिकेने जखम साफ केली. वरवरची आहे, पण सांभाळा, म्हणाली. दुसऱ्या दिवशी लेक त्या चर्चमध्ये जाऊन आमचे दोन्ही जोड घेऊन आली. तिथल्या देखभालीच्या माणसाने ते पायरीवर पाहिले होते. कोणीतरी विसरले, भिजतील, म्हणून त्याने ते आत नेऊन आपल्या खोलीत, खोली तापवणाऱ्या गरम नळीशी ठेवले, मोजेही तिच्यावर वाळत घातले, आणि दाराला कुलूप लावून जेवायला गेला. मी ठोठावले तेच ते दार.

"इथं कुणाची वस्तू पडलेली दिसली की ती उचलून नीट जागी ठेवतात, मालकाला सापडावी म्हणून," लेक म्हणाली. "हातमोजे कुंपणावर खोचतात."

ही माझ्याकडे पाहून म्हणाली, "आपण नमस्कार केला त्येला."

पुढचे दिवस आम्ही खिडकीतूनच ती नगरी पाहिली. जखम हळूहळू मिटत आली, परतीच्या विमानात पट्टी अजून होती. आता भरली आहे, पण तिथली कातडी पातळ आहे, आणि डॉक्टर दर खेपेला तीच जागा आधी पाहतात. निळा गळपट्टा धुऊन लेकीने त्याच चर्चच्या आवाराच्या साखळीला बांधून ठेवला.

कराडला आल्यावर शेजारच्या परिचारिकांना हिने स्वतःच सांगितले, आता यायला नको. रोज सकाळी ही पलंगावर बसते, मी चष्मा लावून खाली बसतो आणि दोन्ही तळवे पाहतो, बोटांच्या मधूनसुद्धा. पदर अजूनही तोंडावर असतो. काही नवे दिसेल या धास्तीने माझा हात अजूनही थांबतो. पाहून झाले की ती हात पुढे करते, माझ्या पायांना लावायला. पण मी मांडी घालून बसलेला, आणि तिला वाकता येत नाही.

"पायापतुर हात पुरत न्हाई," ती म्हणते. "हितंच घ्या." आणि माझ्या खांद्याला हात लावून तो कपाळाला लावते. मग मी पूजेला उठतो.